गोवा एक्सप्रेसने गुंजीचे वळण ओलांडले : खानापूर–लोंढा मांडणीची नोंद

मंडळी, गेले सात आठवडे माझ्या १:८७ प्रमाणाच्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर ज्या एका जागी माझी गोवा एक्सप्रेस रुळांवरून उतरत होती, त्याच जागेवरून ती काल रात्री सलग चाळीस वेळा सुखरूप गेली. पुढे हुबळी शेडचे डब्ल्यूडीपी-४डी डिझेल इंजिन, मागे आठ एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचे लांब डबे आणि एकही चाक रुळावरून ढळले नाही. मागच्या नोंदीत मी सगळा दोष चाकांवर ठेवला होता. ते निदान चुकीचे होते, हे आधी मान्य करतो.

जागा तुम्हाला आठवत असेल. खानापूरचा सरळ मार्ग संपून गुंजीच्या जंगलाकडे जाणारे ६१० मिलिमीटर त्रिज्येचे वळण जेथे सुरू होते, तेथून जेमतेम चार सेंटिमीटर पुढे तिसऱ्या डब्याची पुढची बोगी, म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट, आतल्या बाजूला उतरत असे. वळणाच्या मध्यावर कधीच काही होत नसे, आणि हीच गोष्ट मी फार उशिरा लक्षात घेतली. त्याआधी मी प्रत्येक जोडीतल्या चाकांमधले अंतर मापाच्या पट्टीने (गेजने) तपासले, रुळांचा सांधा कानशीने घासून गुळगुळीत केला आणि डब्यांचा क्रम बदलून पाहिला. क्रम बदलला तरी उतरणारा डबा तिसराच असे. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या सूत्राप्रमाणे, म्हणजे एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस या हिशेबाने, २७० मिलिमीटरच्या डब्याचे वजन सुमारे १८० ग्रॅम असावे लागते. माझे डबे १२० ग्रॅमचे होते, म्हणून उद्यमबागेतील एका लेथच्या वर्कशॉपमधून पितळी पट्ट्या कापून आणून मी ते जड केले. डबे चालू लागले की कानाला समाधान वाटावे असा भारदस्त आवाज आता येतो, पण गाडी उतरायची ती उतरतच राहिली.

याच काळात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेले स्वस्त रेल जॉइनर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, इतके सैल निघाले की दोन सांध्यांतून वीजच पुढे जाईना. ते सगळे काढून टाकून मी पुन्हा पेको या मॉडेल रूळ बनवणाऱ्या कंपनीकडे वळलो. पेकोचा ९१४ मिलिमीटरचा फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा रूळ) आणि त्याचेच जॉइनर महाग पडतात, परंतु जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावच्या दमट हवेत प्लायवूड फुगते आणि आकसते, तेव्हा सांधा धरून ठेवतो तो हाच माल, असे माझे ठाम मत झाले आहे.

खरा धागा मिळाला तो राणी चन्नम्मा एक्सप्रेसमुळे. तिचा जुना निळा आयसीएफ रेक, म्हणजे जुन्या बनावटीच्या डब्यांची माळ, त्याच वळणावरून बिनतक्रार जातो. आयसीएफचा डबा या प्रमाणात २४५ मिलिमीटर भरतो आणि एलएचबीचा २७०, म्हणजे फरक अवघा २५ मिलिमीटरचा. कागदावर मांडणी केल्यावर दिसले की ६१० च्या वळणावर आयसीएफ डब्याचे टोक रुळांच्या मध्यरेषेपासून सुमारे साडेसहा मिलिमीटर बाहेर फेकले जाते, तर एलएचबीचे जवळजवळ नऊ. पुढचा डबा वळणात शिरलेला आणि मागचा अजून सरळ मार्गावर, अशा क्षणी दोघांच्या टोकांत एकदम नऊ मिलिमीटरचे अंतर पडते. आयसीएफचे कपलर (डबे जोडणारे आकडे) मी बोगीवर बसवले आहेत, त्यामुळे ते बोगीबरोबर वळतात. एलएचबीचे कपलर डब्याच्या सांगाड्यावर असल्याने ते सगळी ओढ आडवी चाकांवर टाकतात. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले १६७६ मिलिमीटर या प्रमाणात खरे तर १९.३ भरायला हवेत आणि आपण सारे १६.५ वर गाड्या चालवतो, तेव्हा एवढ्या अरुंद पायावर ती आडवी ओढ सोसणे आणखी कठीण होते.

खऱ्या रेल्वेत सरळ मार्ग वर्तुळाला असा थेट भिडतच नाही. मध्ये हळूहळू आवळत जाणारा संक्रमण वक्र असतो, आपल्याकडे तो घनीय परवलयाचा घालतात आणि बाहेरच्या रुळाची उंचीही त्याच लांबीत हळूहळू वाढवतात. खानापूर ते बेळगाव इतक्या वेळा प्रवास करूनही वळण नेमके कोठे सुरू झाले ते अंगाला कधी कळले नाही, त्याचे कारण हेच.

मग तसाच वक्र आखण्यासाठी बुरुडाकडून बांबूची एक लांब, सारख्या जाडीची कांब आणली. तिचे एक टोक सरळ मार्गाच्या रेषेवर आणि दुसरे वर्तुळावर खिळ्यांनी पक्के केले की मधला भाग आपोआप हवा तसा वाकतो. ४०० मिलिमीटर लांबीच्या संक्रमणासाठी वर्तुळ सुमारे ११ मिलिमीटर आत सरकवावे लागते आणि टेबलाची रुंदी ठरलेली असल्याने मला त्रिज्या ६१० वरून ६०० वर आणावी लागली. वळण अधिक आवळूनही गाडी अधिक सुरळीत जाते, हे पहिल्या फेरीला पाहताना मी अक्षरशः श्वास रोखून उभा होतो. नंतर वीस फेऱ्या रेक उलटा ढकलत नेला, तोही गेला.

आता वेळापत्रक पूर्ण चालवता येईल. मांडणीचे घड्याळ सहापट वेगाने फिरते, म्हणजे चार तासांत एक दिवस. त्यात गोवा, राणी चन्नम्मा, हुबळी–दादर आणि बेळगाव–बेंगळूरु सुपरफास्ट या रोजच्या चार गाड्यांच्या जोड्या बसल्या आहेत. वंदे भारत का नाही, असे काहींनी विचारले होते. २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालेली हुबळी–पुणे आठवड्यातून तीन दिवस धावते आणि २०२५ च्या ऑगस्टमधली बेंगळूरु–बेळगाव सहा दिवस. माझ्या तक्त्यात मी रोज धावणाऱ्या गाड्याच घेतल्या आहेत, कारण या भागातील माणसाचा दिवस ज्यांच्या शिट्टीवर चालतो त्या याच.

लोंढ्याहून गोव्याकडे जाताना लागणारा कॅसलरॉकचा घाट मांडणीतून रद्द केल्याचे मी मागे कळवले होते आणि या नोंदीतही तेच लिहिणार होतो. ३७ ला १ ही चढण म्हणजे दर मीटरला २७ मिलिमीटर. चढ सुरू होतो तेथे डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या इंजिनाचे काऊकॅचर (पुढची खालची जाळी) रुळाला टेकत होते आणि मी हात टेकले होते. परंतु वर कांबीबद्दल लिहिताना सुचले की तीच कांब उभी धरली तर चढणीच्या पायथ्याचा उभा वक्रही तशीच आखून देईल. सपाट आणि चढ यांच्यामध्येही संक्रमणच हवे होते. तेव्हा कुडचीच्या कृष्णा पुलाचे काम मागे ठेवतो आणि घाट पुन्हा हाती घेतो. दुसरी कांब आणून सावलीत वाळत घातली आहे. रविवारी पायथ्याचे प्लायवूड कापून डब्ल्यूडीजी-४ एकटे वर चढवून पाहीन, डबे त्यानंतर.