दुष्काळातला रविवार आणि रुमालाखालची किंमत

२०१९ च्या जानेवारीतल्या पहिल्या रविवारी पहाटे चार वाजता आम्ही हरण्या आणि पाखऱ्या या खिलार बैलांना सांगोल्याच्या बाजाराला नेण्यासाठी दावणीतून सोडले. आदल्या संध्याकाळी आप्पांनी दोघांनाही धुतले होते. त्यासाठी लागणाऱ्या दोन घागरी पाणी आईने टँकरच्या पाण्यातून बाजूला काढून ठेवले होते, आणि त्या दिवसांत आमच्या वस्तीवर दोन घागरी म्हणजे काय हे तिथे राहिलेल्या माणसालाच कळेल. शिंगांना तेल लावून झाल्यावर आप्पांनी बैलांच्या गळ्यातले घुंगरू काढून खुंटीला अडकवले. विकायला न्यायचे जनावर घरच्या घुंगरांसह न्यायचे नाही, ही आमच्या घरची रीत आहे.

हे लिहायला मला इतकी वर्षे लागली, कारण त्या दिवशी नेमके काय चुकले ते मला बराच काळ उमगत नव्हते. व्यापाऱ्याने आम्हाला कमी पैसे दिले, एवढेच मी तेव्हा धरून बसलो होतो. आता मला वाटते की आमच्या जोडीची किंमत बाजारात पडलीच नव्हती. ती दोन-तीन महिने आधीच, आमच्या घराच्या मागे, कडब्याच्या गंजीपाशी पडली होती.

त्या वर्षीचा हिशेब सरळ होता. साधारण चारशे किलो वजनाच्या बैलाला त्याच्या वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दिवसाला दहा किलो कोरडा चारा लागतो. जोडीला वीस किलो धरले, तर नोव्हेंबरपासून जूनअखेरपर्यंतच्या आठ महिन्यांत ४,८०० किलो होतात. पाणी उन्हाळ्यात जोडीला दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लागतेच. २०१८ मध्ये परतीच्या पावसाने पाठ फिरवल्यामुळे रब्बीची ज्वारी आमच्या रानात गुडघ्याएवढीही झाली नाही. साहजिकच कडबाही नाही. गंजीत आदल्या वर्षीचे जे उरले होते ते सगळे मिळून दोन महिनेही पुरणारे नव्हते. हे आप्पांना दिवाळीतच दिसत होते आणि मलाही दिसत होते. मी पुण्यात नोकरीला होतो, दिवाळीला गावी आलो होतो, गंजीभोवती आप्पांबरोबर चक्करही मारली होती. पण "विकू या" हा शब्द आम्हा दोघांपैकी कुणीही काढला नाही. हरण्या आमच्याच गाईच्या पोटचा होता आणि पाखऱ्या खरसुंडीच्या पौषी यात्रेतून आप्पांनी स्वतः पारखून आणलेला होता.

आम्ही वाट कशाची पाहत होतो, तेही सांगितले पाहिजे. राज्य सरकारने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात सांगोला होता. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशात चारा छावण्यांनीच जनावरे जगवली होती, त्यामुळे आज ना उद्या छावणी लागणार असे गावातले प्रत्येक जण धरून चालला होता. पण छावण्यांचा शासन निर्णय निघाला तो २५ जानेवारी २०१९ ला, आणि आमच्या बाजूला प्रत्यक्ष दावण उभी राहीपर्यंत शिवरात्र उलटली होती. दुष्काळ जाहीर होणे आणि चाऱ्याची पहिली पेंढी जनावराच्या पुढ्यात पडणे, यांमधले हे जे महिने आहेत, त्यातच शेतकऱ्याची दावण रिकामी होते. चारा संपत आलेला असतो, कडब्याचा शेकड्याचा भाव दुपटीच्या पुढे गेलेला असतो, आणि ज्याच्याकडे विकायला थोडाफार कडबा असतो तोही आणखी भाव चढेल म्हणून हात आखडतो. अशा वेळी तालुक्यातली सगळी माणसे एकाच रविवारी, एकाच बाजारात, एकच गोष्ट विकायला येतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा उजाडायचे होते, तरी बाजार भरून रस्त्यापर्यंत आला होता. एरवी या बाजारात खिलार जोडी पाहायला माणसे थांबतात. खोंड आदत (दुधाच्या दातांचा) आहे, दोन दाती आहे की चार दाती, यावर अनोळखी लोकांत वाद रंगतात. त्या दिवशी जनावरांच्या मानाने माणसे फार थोडी होती, आणि जी होती त्यांतली बहुतेक आमच्यासारखीच, हातात कासरा धरून उभी असलेली. घेणारे होते ते बागायती पट्ट्यातले किंवा त्यांच्यासाठी फिरणारे व्यापारी. काहींना कारखान्याच्या ऊस वाहतुकीसाठी बैल हवे होते, पण गळीत हंगाम निम्म्यावर आलेला असल्यामुळे त्यांनाही घाई नव्हती.

भाव पाडणारा दुष्काळ एकटा नव्हता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातल्यानंतर खिलार खोंडाला मिळणारा हौशी गिऱ्हाईक नाहीसा झाला होता. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. त्याआधी १९७६ च्या कायद्याखाली निकामी झालेला बैल दाखला घेऊन कत्तलीसाठी विकता येत होता. कायदा बरोबर की चूक या वादात मला इथे जायचे नाही. मी फक्त बाजारात काय दिसते ते सांगतो: पोसण्यापलीकडे ज्याचा उपयोग उरलेला नाही अशा जनावराला बाजारात बोलीच लागत नाही, आणि सगळ्यांत खालची किंमत शून्य झाली की तरण्या जनावराची किंमतही तेवढी खाली सरकते, कारण घेणाराही दहा वर्षांनंतरचे पाहूनच पैसे मोजतो.

आमच्या जोडीपाशी नऊच्या सुमारास एक व्यापारी थांबला. त्याने हरण्याचा ओठ वर करून दात पाहिले, खांद्यावरून हात फिरवला, खूर उचलून पाहिले, पाखऱ्याला दहा पावले चालवायला लावले. मग त्याने हरण्याच्या बरगड्यांवरून बोटे ओढली, जणू मोजतो आहे. दिवाळीत त्या बरगड्या दिसत नव्हत्या. त्याने आप्पांचा उजवा हात हातात घेतला, गळ्यातला रुमाल त्यावर टाकला आणि त्या रुमालाखाली दोघांची बोटे बोलू लागली, म्हणजे खुणांनी भाव ठरू लागला. मी आप्पांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, पण मला दिसत होते ते फक्त त्यांचे तोंड. दोनदा त्यांनी मान हलवून हात ओढून घेतला. तिसऱ्यांदा व्यापारी म्हणाला, "पाव्हणं, दिवस बघा. पुढच्या ऐतवारी ह्येबी कोण द्यायचं न्हाई." आप्पांनी हात तसाच राहू दिला.

पंचावन्न हजारांना सौदा झाला. गेल्या पावसाळ्यात याच जोडीला गावातल्याच एकाने ऐंशी देऊ केले होते. विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात पडला, आणि उरलेले पैसे मोजताना पाखऱ्या मागच्या पायात लचकतो असे सांगून व्यापाऱ्याने आणखी तीन हजार कापले. दहा पावले चालवून पाहताना तो पाय त्याला दिसला नव्हता. मी बोलायला तोंड उघडले, तेव्हा आप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

परतीच्या वाटेवर मी चिडून म्हणालो की याच तालुक्यात डाळिंबाचा लिलाव उघड्यावर होतो, बोली सगळ्यांच्या कानांवर पडते, मग जनावरांचा भाव रुमालाखाली का? शेजारच्या जोडीला काय मिळाले ते कळले असते, तर आपण एवढे खाली आलो असतो का? वजनकाट्यावर जनावर उभे करून, वय आणि दात पुकारून बोली लावायला काय हरकत आहे? आजही मला ही मागणी रास्तच वाटते, कारण टंचाईच्या दिवसांत माहिती नसणारा नेहमी विकणाराच असतो. व्यापारी दिवसभरात वीस सौदे करतो आणि आपण वर्षा-दोन वर्षांतून एक. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाळिंबाची बोली पडली तर डाळिंबाची पडती. उघड्यावर माज्या बैलाचं कमी पैसं पुकारलं असतं, तर चार गावची माणसं ऐकत व्हती." त्यांच्या या बोलण्याला माझ्याकडे आजही पुरते उत्तर नाही. रुमाल व्यापाऱ्याचा फायदा झाकतो हे खरे, पण नाइलाजाने विकायला आलेल्या माणसाची लाजही तो झाकतो. उघडा लिलाव आणायचा असेल, तर या लाजेचा विचार आणणाऱ्यांना करावा लागेल.

छावणी लागली तेव्हा गावातल्या ज्यांनी कसेबसे दोन महिने काढले होते, त्यांची जनावरे तिथे गेली. मे महिन्यात मोठ्या जनावरामागे दिवसाला शंभर रुपये आणि लहान जनावरामागे पन्नास रुपये असे अनुदानही वाढले. आमच्या दोन गाई आणि एक कालवड आप्पांनी छावणीत नेली व चार महिने ते स्वतः तिथेच पालाखाली झोपले. जुलैत बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, आला. आईने कुंभाराकडून मातीची जोडी आणून ओट्यावर पुजली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, आणि खुंटीवरचे घुंगरूही पुसून परत तिथेच लावले. मशागत आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरने केली. बैलजोडी पुन्हा घेतली नाही. पाऊस पडल्यानंतर जी जोडी पाहिली तिची किंमत आमच्या विक्रीच्या दुपटीच्या घरात होती. दुष्काळात विकणारा दोनदा नागवला जातो, एकदा सगळ्यांबरोबर विकताना आणि एकदा सगळ्यांबरोबर घेताना.

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कमी पावसाचा तो ऑगस्ट होता. गणपतीला मी गावी गेलो, तेव्हा आप्पांनी मला काही न विचारता गंजीपाशी नेले आणि आम्ही दोघांनी मिळून पेंढ्या मोजल्या. एकूण पाच जनावरे होती, आणि पुढच्या जूनपर्यंत तिघींना पुरेल एवढा चारा होता. एक भाकड गाय आणि एक खोंड काढायचे ठरले. दोघांच्या अंगावर अजून मांस होते आणि बाजारात गर्दी व्हायची होती. शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली होती आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानेही ती कायम केली होती, त्यामुळे खोंडापाशी तीन गिऱ्हाइके थांबली. या वेळीही सौदा रुमालाखालीच झाला, पण दोनदा हात ओढून घेतल्यावर तिसऱ्यांदा व्यापाऱ्यालाच पुढे यावे लागले. सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो त्यानंतर, ३१ ऑक्टोबरला; सांगोला त्यातही होता.

जून २०२४ मध्ये पाऊस लागला, त्या दिवशी आप्पांचा फोन आला. गंजीत एकशेचाळीस पेंढ्या शिल्लक होत्या आणि दावणीला तिघीही उभ्या होत्या.