देवबागच्या धक्क्यावर विकलेली पाळी

नाताळच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरलं तेव्हाच गर्दीची मनाची तयारी केली होती. पुणे, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल. गाडीत चौघं: मी, माझा मामेभाऊ अद्वैत, त्याची बायको गार्गी आणि कॉलेजपासूनचा मित्र निखिल. अद्वैत-गार्गी फ्लोरिडात राहतात, सुट्टीला आले होते. आम्हा चौघांना बांधून ठेवणारं वेड म्हणजे थीम पार्क. माझं सुरू झालं गोराईच्या एस्सेलवर्ल्डपासून. निखिल रोलर कोस्टरसाठी कोची, बेंगळुरू, हैदराबादची वंडरला पालथी घालून आलाय आणि खोपोलीच्या इमॅजिकातली कुठली राईड कुठल्या वेळी रिकामी असते हे त्याला तोंडपाठ आहे. अद्वैतच्या घरी तर ऑर्लॅंडोच्या उद्यानांचे नकाशे भिंतीवर लावलेत. त्यामुळे घाट उतरतानाही आमचं बोलणं रांगा, राईड आणि तिकिटांचंच होतं.

पहिला दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याचा. मालवणच्या जेटीवर रांग बऱ्यापैकी लांब होती, डोक्यावर ऊन होतं, तरी कुरकुर ऐकू आली नाही. होड्या पाळीने सुटत होत्या. एक भरली की ती जायची, मागची पुढे यायची. आमच्या पुढे निपाणीकडची शाळेची सहल, मागे मोठ्या हॉटेलात उतरलेलं दिल्लीचं कुटुंब, आणि सगळे एकाच रांगेत. किल्ल्यावर तासभर मिळतो, मग त्याच होडीने परत. १६६४ ते १६६७ या तीन वर्षांत भर समुद्रातल्या कुरटे बेटावर उभा केलेला हा तट, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींना असलेलं गोडं पाणी. यासाठी तासभर फार कमी पडतो, ही माझी तक्रार जुनीच आहे. रॉक गार्डन, बाजार, जेवण यात बाकीचा दिवस गेला.

खरं लिहायचंय ते देवबागबद्दल.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे देवबागची चिंचोळी पट्टी संपते. समोर वाळूचा तो दांडा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. तिथे बनाना राईड, बंपर, जेट स्की असं सगळं चालतं, आणि किनाऱ्यावर तिकिटं विकणारी बरीच टेबलं असतात. आम्ही एका ठिकाणी टोकन घेतलं. नाव लिहीत नाही. एकालाच झोडपण्यात अर्थ नाही. टेबलाशेजारी खडूने लिहिलेला फळा होता. खाली एक ओळ: ‘स्पेशल, ३०० जादा, लगेच नंबर’.

तासाभराने आमच्या थोडं पुढे असलेल्या एका कुटुंबाचा नंबर लागला. गडहिंग्लजहून आले होते. गप्पांमध्ये कळलं, मुलगा पहिल्यांदाच समुद्र बघत होता. सात-आठ वर्षांचा असेल. लाइफ जॅकेट मोठ्या माणसाचं, त्याच्या मांड्यांपर्यंत आलेलं. वडिलांनी पट्टे ओढून ओढून घट्ट केले, उरलेली टोकं आत खोचली. पोरगा पाण्यात पाय घालून उभा. तेवढ्यात टेबलाकडून एकजण धावत आला. ‘पाच जॅकेटं सोडा, स्पेशल आलेत.’

‘अहो, नंबर आमचाय,’ वडील म्हणाले.

‘पुढच्या फेरीला सोडतो ना काका, दहा मिनिटं.’

बकलात वाळू गेली होती, ते उघडेना. पोराने दोन्ही हात वर केले आणि त्या माणसाने बंद बकलासकट जॅकेट त्याच्या डोक्यावरून ओढून काढलं. कान घासले गेले त्याचे. तो रडला नाही, आईकडेही बघितलं नाही. ते जॅकेट आता ज्याच्या अंगावर चढत होतं, त्या माणसाकडे बघत राहिला.

मी टेबलापाशी गेले. विचारलं, ‘एका फेरीत स्पेशलवाले किती घेता?’

‘जेवढे येतील तेवढे. मॅडम, तुम्ही पण घ्या की.’

आणि माझ्यासमोर त्याने अंगठ्याने ३०० मधला ३ पुसला, तिथे ५ लिहिला. गर्दी वाढली होती ना.

अद्वैत आणि गार्गीने पाचशे-पाचशे भरले आणि दहा मिनिटांत बोटीत बसले. मी आणि निखिल रांगेत राहिलो. गडहिंग्लजच्या त्या पोराचा नंबर तीन फेऱ्यांनंतर लागला. आम्हाला आमची फेरी मिळाली तेव्हा सूर्य कलला होता. बनाना उलटली, नाकातोंडात पाणी गेलं, पण मला त्यातली मजा आठवत नाही.

रात्री आमच्या मुक्कामाच्या घरी पडवीत जी जुंपली, ती जेवण झालं तरी थांबेना. काकींनी सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी वाढली आणि आम्ही ताटावर भांडत होतो. इतक्या चांगल्या जेवणाकडे कुणाचं नीट लक्ष नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

गार्गीचं म्हणणं सरळ होतं. आम्ही हजारो मैलांवरून येतो, दिवस मोजके, वेळ महाग. कंपनी वेळ विकते, आम्ही घेतो. ज्याला नको त्याने घेऊ नये. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानांतही रांग टाळायचा पास विकत मिळतो, तिथेही गार्गी हेच करते.

पण कंपनी वेळ विकत नाही, हेच मला पटवून द्यायचं होतं. देवबागचाच हिशोब घ्या. जॅकेटं दहा, फेरी पंधरा मिनिटांची धरली, तर तासाला चाळीस माणसं पाण्यावर जाणार. त्यातले पंधरा स्पेशलवाले असले तर रांगेत उभ्या असलेल्यांना उरले पंचवीस. अकरावं जॅकेट आकाशातून पडत नाही. गार्गीला मिळालेला वेळ मागच्या लोकांच्या खिशातून काढून दिलेला असतो, आणि पैसे मात्र त्यांना मिळत नाहीत. डिस्नेच्या राईडवर हेच दोन रांगा एकत्र येतात त्या जागी घडतं. तिथे उभा असलेला कर्मचारी पासवाल्यांचा मोठा घोळका सोडतो, मग साध्या रांगेतले थोडे, मग पुन्हा पासवाले. लांबून बघितलं की साधी रांग जागच्या जागी खिळल्यासारखी दिसते.

निखिलचा राग वेगळ्या गोष्टीवर होता. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं आणि काही महिन्यांतच तिकिटांच्या पुस्तिकेवर चालायला लागलं. पुढे त्यात सगळ्यात भारी राईडसाठी ‘ई’ तिकीट आलं. १९८२ मध्ये पुस्तिका गेली आणि एकदा प्रवेश घेतला की सगळं खुलं झालं. म्हणजे त्या काळी राईडचे पैसे पडायचे, पण ‘ई’ तिकीटवाला दुसऱ्या ‘ई’ तिकीटवाल्याच्या पुढे जात नव्हता. १९९९ मध्ये फास्टपास आला, तो फुकट. यंत्रात तिकीट सरकवायचं, चिठ्ठीवर छापलेल्या वेळेला परत येऊन छोट्या रांगेतून आत जायचं. कोविडमध्ये उद्यानं बंद झाली, पुन्हा उघडली तेव्हा फास्टपास नव्हता, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात त्याच सोयीला जिनी प्लस नाव देऊन माणशी दिवसाला १५ डॉलर लावले. वर सगळ्यात गाजलेल्या राईडचे पैसे वेगळे. वर्षभरात दर तारखेप्रमाणे बदलायला लागले. विमानतळावरून हॉटेलात फुकट नेणारी बसही २०२२ च्या सुरुवातीला बंद केली. ‘शेजारच्या युनिव्हर्सलच्या उद्यानांचा रांग टाळायचा एक्स्प्रेस पास महागच आहे,’ निखिल म्हणाला, ‘आणि तोही सुरुवातीला फुकटच होता. दोघांनीही आपल्याच ताटात वाढलेलं उचलून परत विकलं.’

इथे अद्वैतने जे सांगितलं ते मला खोडता आलं नाही. फुकटातला फास्टपास काही सगळ्यांना सारखा नव्हता. शेवटच्या वर्षांत फ्लोरिडात तो फोनवरून आधीच राखून ठेवता यायचा. कंपनीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना साठ दिवस आधी, बाकीच्यांना तीस. ज्यांना हे माहीत नव्हतं ते सकाळी दारात आले की चांगल्या राईडचे पास संपलेले असायचे. आणि त्या फुकट पासानेही साधी रांग लांबतच होती. ‘तेव्हा पैसेवाल्याऐवजी माहीतगार पुढे जायचा,’ अद्वैत म्हणाला. बरोबर आहे. कोकण रेल्वेचं गणपतीतलं आरक्षण आठवा. खिडकी उघडताच गाड्या भरतात आणि गावाकडचा म्हातारा रिकाम्या हाताने घरी जातो.

पण मग २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला प्रीमियर पास घ्या. त्यात वेळही राखायची नाही, पासाच्या राईडला हव्या त्या क्षणी एकदा जायचं. फ्लोरिडात सुरुवातीचा दर दिवस आणि उद्यान बघून १२९ ते ४४९ डॉलर, प्रवेशाचं तिकीट सोडून. ज्या दिवशी गर्दी जास्त, त्या दिवशी दर जास्त. देवबागच्या फळ्यावरचा अंगठा मला इथेच दिसतो. रांग जितकी वाईट, तितका पास महाग आणि तितका हवाहवासा. मग नवी राईड बांधून, फेऱ्या वाढवून ती रांग कमी करायची घाई त्या कंपनीला का असावी? उद्यानं, जहाजं आणि वस्तूंच्या विक्रीचा डिस्नेचा जो विभाग आहे, त्याने २०२४ च्या आर्थिक वर्षात ३४ अब्ज डॉलरच्या वर उत्पन्न आणि ९ अब्जांच्या वर नफा मिळवला. पैशांची चणचण म्हणून हे चाललंय असं कुणी सांगू नये. आणि हे मी डिस्नेचा तिरस्कार करणारी म्हणून बोलत नाही. त्या उद्यानांवर माझा जीव आहे, म्हणून इतकं लागतं.

त्या घरचे काका इतका वेळ झोपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांचं आयुष्य रापणीत गेलेलं. किनाऱ्यावरून जाळं ओढायचं, दोन्ही दोरांना माणसं, आणि मासळीचे वाटे घालायचे. गार्गीने त्यांना विचारलं, ‘काका, तुमच्यात जास्त पैसे देणाऱ्याला आधी वाटा नाही का मिळत?’

काका म्हणाले, ‘होडी नि जाळा ज्याचा, तेका वाटो जास्ती असता. ता सगळ्यांका म्हायती असता. पण वाटो घालूचो तो सगळ्यांच्या समोर.’

एवढं बोलून ते पाण्याचा पंप बंद करायला उठले. मालकाला जास्त मिळतं हे त्यांना खटकत नव्हतं. मला त्यांच्या उत्तरातलं ‘सगळ्यांच्या समोर’ पकडून ठेवावंसं वाटलं, कारण टेबलावरच्या माणसाचं ‘जेवढे येतील तेवढे’ हे उत्तर अजून कानात होतं.

दुसऱ्या दिवशी तारकर्ली, घावणे, दुपारची झोप. आणि परतीची तयारी.

तुम्ही देवबागला जाणार असाल तर टोकन घेण्याआधी टेबलावर एवढंच विचारा: फेरीत स्पेशल किती? आकडा सांगितला तर थांबा, नाहीतर पुढच्या टेबलाकडे चला. सुट्टीच्या दिवसांत ऐकणारा कमी भेटेल, पण विचारणारे वाढल्याशिवाय कुणी आकडा ठरवणार नाही. शक्य असेल तर फेब्रुवारीतला मधला वार धरून जा; तेव्हा त्या फळ्यावर स्पेशलची ओळ लिहायची गरजच पडत नाही, असं काकींनी सांगितलं.

येताना गगनबावड्याच्या घाटात अद्वैतने मामीचा विषय काढला. मामा-मामी मार्चमध्ये त्याच्याकडे जाणार आहेत. मामीचे गुडघे गेलेत. दीड तास उभं राहणं तिला शक्य नाही आणि चाकाच्या खुर्चीत बसायला ती तयार नाही. अपंगत्व असलेल्यांना रांगेबाहेर थांबू देणारी डिस्नेची सोय २०२४ मध्ये आवळली गेली. आता ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासाशी निगडित अडचणी असलेल्यांसाठी आहे. गुडघ्यांसाठी मिळणार नाही. मग उरतो तो पास.

‘घे,’ मी म्हणाले. मामीने डिस्नेच्या त्या किल्ल्यासमोरची आतषबाजी आणि निदान चार राईड तरी बघायलाच हव्यात. मी तिला उन्हात उभं राहायला सांगणार नाही. पण पास काढशील त्याच दिवशी कंपनीला पत्र लिही, असंही सांगितलं. मजकूर घाट संपेपर्यंत तयार झाला. राईडच्या दारात थांबायची मिनिटं दाखवणारा फलक असतोच. त्याच्या खाली, तासाभरात बसणाऱ्यांपैकी किती जण पासवाले आहेत, तो आकडाही लावा. पासवाल्यांची कमाल मर्यादा ठरवा आणि ती जाहीर करा. बस्स, दोनच मागण्या.

निखिलने आणि अद्वैतने सही करायचं कबूल केलं. गार्गी नाही म्हणाली. तिच्या मते असा फलक लागला की पासाची किंमत आणखी वाढेल, कारण साध्या रांगेत किती कमी लोक पुढे सरकतात हे एकदा डोळ्यांनी दिसलं की उरलेलेही पासाच्या मागे धावतील. कोल्हापूर येईपर्यंत आम्ही यावरच बोलत होतो.