बेस गिटार, डीआय बॉक्स आणि काळी दोनची पट्टी : माझा अनुभव

तीन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात सातारा जिल्ह्यातील एका गावी आमच्या ऑर्केस्ट्राची सुपारी होती. मंचावर पोहोचल्यावर साउंड सांभाळणाऱ्या गृहस्थांनी माझ्या हातात गिटारच्या साध्या वायरीचे टोक दिले. ती वायर मंचामागून फिरून सुमारे तीस मीटर लांब असलेल्या मिक्सरपर्यंत गेली होती. 'डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला साजेसा करणारी छोटी पेटी) आहे का?' असे मी विचारले, तेव्हा 'थेट लावा, चालतंय' एवढेच उत्तर मिळाले. पहिल्याच गाण्यात माझ्या बेस गिटारचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येऊ लागला आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत जनरेटरची गुणगुण माझ्या वाद्यापेक्षा ठळक ऐकू येत राहिली. मध्यंतरात आमच्या ढोलकीवाल्याने चहाचा कप पुढे करत विचारले, 'आज तू वाजवत होतास ना रे?' त्याने ते चेष्टेने विचारले नव्हते, म्हणूनच ते अधिक लागले.

खेदाची गोष्ट अशी की त्या दिवशी माझ्या पायाशी एक चांगले महागडे मल्टिइफेक्ट, म्हणजे आवाजाला अनेक रंग देणारे यंत्र, होते. आम्ही जुनी-नवी हिंदी आणि मराठी चित्रपटगीते वाजवतो. एकाच कार्यक्रमात सत्तरच्या दशकातला बोटांनी वाजवलेला गोल बेस, ऐंशीच्या दशकातला सिंथेसायझरचा बेस, मग कोळीगीत आणि शेवटी अलीकडचे एखादे नाचाचे गाणे असा प्रवास असतो. त्यामुळे गाण्यागणिक वेगळा आवाज हवा, ही माझी ठाम समजूत होती. त्या यंत्रात मी साठेक पॅच, म्हणजे साठवून ठेवलेल्या आवाजाच्या मांडण्या, तयार केले होते. रात्री घरी हेडफोन लावून ते ऐकताना मला स्वतःचाच अभिमान वाटत असे. मंचावर मात्र त्यातले पंचावन्न पॅच एकसारखेच ऐकू यायचे, म्हणजे ऐकूच यायचे नाहीत.

त्या रात्रीनंतर मी निवडीचा क्रम उलटा केला. इफेक्टपासून सुरुवात न करता वायरीपासून केली.

माझे वाद्य पॅसिव्ह आहे, म्हणजे त्याच्या आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप (सिग्नल आधीच वाढवून आकार देणारे मंडल) नाही. अशा पिकअपचा (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाचा) इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत विरोध, जास्त असतो आणि त्याला समोर साधारण एक मेगओहमचे इनपुट लागते. मिक्सरचे लाइन इनपुट बहुधा दहा-वीस किलोओहमचे असते, त्यामुळे ते पिकअपवर भार टाकते आणि वरच्या पट्ट्यातला आवाज, म्हणजे बोटाचा ठोका आणि तारेची धार, आधी नाहीसा होतो. लांब वायरीची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) उरलेसुरले तेज खाऊन टाकते. शिवाय ती वायर अनबॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची गुणगुण रद्द करू न शकणारी, असल्याने वाटेत विजेच्या तारांशेजारून जाताना ५० हर्ट्‌झची गुणगुण उचलते. डीआय बॉक्स ही तिन्ही दुखणी एकाच जागी थांबवतो. वाद्याला तो मोठा इम्पिडन्स दाखवतो आणि मिक्सरकडे कमी इम्पिडन्सचा, बॅलन्स्ड सिग्नल एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) वायरीतून पाठवतो. ही माहिती मला नव्हती असे नाही. 'ते साउंडवाल्याचे काम' असे म्हणून मी ती बाजूला ठेवली होती.

डीआय घेताना अॅक्टिव्ह की पॅसिव्ह हा प्रश्न येतो. पॅसिव्ह डीआयमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला वीज लागत नाही. रेडियलचा जेडीआय हे त्यातले नावाजलेले उदाहरण, ज्यात जेन्सनचा ट्रान्सफॉर्मर असतो. ट्रान्सफॉर्मरमुळे मंच आणि मिक्सर यांचे विद्युत नाते तुटते, म्हणून जनरेटरच्या जागी तो अधिक शांत राहतो. अॅक्टिव्ह डीआयला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या वायरीतूनच येणारी वीज) किंवा स्वतःची बॅटरी लागते, पण पॅसिव्ह वाद्याला त्याचे इनपुट अधिक मानवते. मी आधी बेहरिंजरचा डीआय१०० घेतला, कारण तो फँटम आणि नऊ व्होल्टची बॅटरी या दोन्हींवर चालतो, आणि गावोगावच्या मिक्सरांवर फँटम असेलच याची खात्री नसते. तो आजही बॅगेत राखीव म्हणून असतो.

येथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. डीआयवर 'ग्राउंड लिफ्ट' नावाचे बटण असते. ते दाबल्याने एक्सएलआरच्या एक क्रमांकाच्या पिनचे जोड सुटते आणि ग्राउंड लूपमुळे (उपकरणांची अर्थिंग एकाहून अधिक वाटांनी जोडली गेल्यामुळे) होणारी गुणगुण बहुतेक वेळा थांबते. अनेक मंडपांत मात्र हाच परिणाम साधण्यासाठी पॉवरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकलेली दिसते. ती गुणगुण जाते खरी, पण एखाद्या उपकरणात बिघाड झाला तर वीज वाट शोधत गायकाच्या ओठांपर्यंत, म्हणजे माइकच्या जाळीपर्यंत, पोहोचू शकते. आता मी मंचावर गेल्यावर टेस्टर खिशातून काढूनच वाद्य बाहेर काढतो. यावर सहकारी हसतात, त्यांना हसू द्यावे.

आवाज मिक्सरपर्यंत नीट पोहोचू लागल्यावर पुढचा धडा चिंचवडच्या एका नाट्यगृहात मिळाला. तिथल्या साउंड इंजिनिअरने तालमीच्या वेळी मला मिक्सरपाशी बोलावले, माझ्या चॅनेलचे पीएफएल (तेवढाच चॅनेल हेडफोनमध्ये ऐकवणारे) बटण दाबले आणि स्वतःचे हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. माझा लाडका पॅच एकटा ऐकताना भरदार वाटत होता. मग त्याने आमच्या ऑक्टोपॅडवाल्याला (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्याला) किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, वाजवायला सांगितली आणि बटण सोडून सगळा बँड ऐकवला. बेस नाहीसा झाला. माझ्या पॅचमध्ये खालचा भाग फुगवलेला आणि मधला भाग खणून काढलेला होता. खालच्या भागात ५०-६० हर्ट्‌झच्या आसपास पॅडची किक आधीच बसलेली होती, त्यामुळे तिथे दोघांची रेटारेटी होत होती, आणि जिथे बेसचे सूर ओळखू येतात त्या मधल्या पट्ट्यात मी काहीच पाठवत नव्हतो. त्याने माझा मल्टिइफेक्ट बायपास केला, म्हणजे मधून वगळला, ८०० हर्ट्‌झच्या आसपास थोडे वाढवले, ४० च्या खालचे कापले, आणि कुठल्याही इफेक्टशिवाय बेस पहिल्यांदा सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. 'घरी एकटे ऐकून आवाज ठरवू नका' एवढेच तो म्हणाला आणि पुढच्या चॅनेलकडे वळला.

त्या दिवसानंतर मी असा प्रीअँप शोधू लागलो ज्याच्यात डीआय अंगभूत असेल आणि मधल्या पट्ट्यासाठी स्वतंत्र बटण असेल. टेक २१ चा सॅन्सॅम्प बेस ड्रायव्हर पुष्कळ बेसवादक वापरतात, पण त्याच्या मूळ आवृत्तीत मिडचे बटण नव्हते. दुसऱ्या आवृत्तीत ते आले, आणि सोबत मिडसाठी ५०० किंवा १००० हर्ट्‌झ आणि बेससाठी ४० किंवा ८० हर्ट्‌झ निवडण्याची सोयही आली. मी दुसरी आवृत्ती घेतली. ८० ची निवड मी कायम ठेवतो, कारण ४० हर्ट्‌झवर वाढवलेला आवाज मंडपाच्या साध्या स्पीकरांतून बाहेर पडतच नाही आणि अॅम्प्लिफायरची ताकद मात्र वाया जाते.

दुसरी खरेदी कॉम्प्रेसरची, म्हणजे मोठा आवाज दाबून पातळी सारखी ठेवणाऱ्या पेडलची. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. आमच्या कार्यक्रमात साउंडवाल्याचा हात गायकांच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) असतो; बेसकडे तो एकदा बघतो आणि विसरतो. त्यामुळे माझा आवाज आधीच एका पातळीत असणे आवश्यक असते, नाहीतर हळुवार गाण्यात बेस दबतो आणि लावणीत अचानक अंगावर येतो. मी एमएक्सआरचा एम८७ निवडला, त्याचे मुख्य कारण त्याच्यावरची दिव्यांची ओळ होय. किती आवाज दाबला जात आहे हे पायाशी डोळ्यांना दिसते, आणि मंचावरच्या गोंगाटात कानांनी ते कळत नाही. चारास एक असे गुणोत्तर (ठरलेल्या पातळीवरची वाढ चौथ्या हिश्शावर आणणारे), अटॅक (दाब सुरू होण्याचा वेग) जरा संथ, म्हणजे बोटाचा पहिला ठोका न दबता निघून जातो, आणि जोरकस वाजवताना तीन-चार दिवे पेटतील इतपतच दाब, ही माझी कायमची मांडणी आहे.

इफेक्ट म्हणावा असा एकच पेडल माझ्याकडे उरला, तो म्हणजे ऑक्टेव्ह, आणि त्याचे कारण गायकांच्या पट्टीत आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार हार्मोनियमच्या पांढरी तीनवर, म्हणजे 'ई'वर, ४१ हर्ट्‌झच्या आसपास असते. आमचे मुख्य गायक काळी दोनमध्ये, म्हणजे 'डी शार्प'मध्ये, गातात. म्हणजे खर्जाचा षड्ज माझ्या वाद्याच्या अगदी शेवटच्या सुराच्याही अर्ध्या स्वराने खाली जातो, आणि जो सूर गाण्यात सर्वांत जास्त वेळा लागतो तोच नेमका मिळत नाही. गायिकेची पट्टी वेगळी, पाहुण्या गायकाची आणखी वेगळी. युगुलगीतात तर मध्येच पट्टी बदलते. कार्यक्रमात तार उतरवत बसणे शक्य नसते.

ऑक्टेव्ह पेडल वाजवलेल्या सुराच्या खाली एक सप्तक जोडते. बॉसचे ओसी-२ हे १९८२ साली आलेले पेडल या कामासाठी प्रसिद्ध झाले. त्याचा आवाज सिंथेसायझरसारखा जाड असल्याने ऐंशीच्या दशकातल्या डिस्को गाण्यांना तो चपखल बसतो. २०२० साली आलेल्या ओसी-५ मध्ये तो जुना आवाज 'व्हिंटेज' या निवडीत ठेवलेला आहे. मी तेच घेतले. पण एक मर्यादा महिनाभर वाजवल्यावर उमगली. अगदी खालच्या सुरांवर पेडल डळमळते, सूर थरथरतो. म्हणून मी षड्ज 'डी'च्या तारेवर पहिल्या पडद्याला वाजवतो, मूळ आवाज जवळजवळ बंद ठेवतो आणि एक सप्तक खालचा सूरच पुढे पाठवतो. तिथे पेडल सहसा चुकत नाही. दोन तारा एकदम वाजल्या की मात्र जुन्या पद्धतीचा ऑक्टेव्ह गोंधळतो, त्यामुळे उजव्या हाताची स्वच्छता आपोआप सुधारली. कोरस, फझ, ऑटोवाह वगैरे पेडले मी मित्रांकडून आणून पाहिली आणि परत केली.

वीजपुरवठ्याबद्दल थोडक्यात. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट लागतात आणि त्यांच्या प्लगमध्ये मधला भाग ऋण असतो. ध्रुव उलटा झाला तर पेडल जळू शकते. एकाच अॅडॉप्टरला साखळीने पेडले जोडल्यावर ओसी-५ सुरू करताच बारीक चिरचिर येऊ लागली. प्रत्येक आउटपुट स्वतंत्र असलेला आयसोलेटेड पॉवर सप्लाय घेतल्यावर ती थांबली. तो घेताना जीव वरखाली झाला, कारण त्यातून आवाज असा काही निघत नाही. मात्र त्या चिरचिरीच्या शोधात तीन वायरी बदलून मी आधीच पैसे घालवले होते.

हे सगळे आता ट्यूनरसह एका छोट्या फळीवर बसवलेले आहे. उघड्यावरच्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात. ठरावीक सणांच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत असते, पण इतर दिवशी पाहुण्यांची भाषणे लांबली की कापला जातो तो आमचा साउंड चेक. पेटी उघडून, एक प्लग आणि दोन वायरी लावून तीन मिनिटांत तयार होणे, ही गरज आवाजाच्या दर्जाइतकीच मोठी आहे.

स्वतःला ऐकू येण्याचा प्रश्न सर्वांत शेवटी सुटला, खरे तर तो आधी सुटायला हवा होता. शंभर वॅटचा अॅम्प दुचाकीवरून नेता येत नाही. मंचावरचा एक मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) माझ्यात आणि ऑक्टोपॅडवाल्यात वाटलेला असतो आणि त्यातून खालचे सूर स्पष्ट येत नाहीत. मी कानातले मॉनिटर घेतले, पण पुष्कळ ठिकाणी मिक्सरवर माझ्यासाठी मोकळा ऑक्स (वेगळे मिश्रण बाहेर पाठवायची वाट) नसतो. त्यावर उपाय असा काढला की चार चॅनेलचा एक छोटा मिक्सर पायाशी ठेवायचा, प्रीअँपच्या पॅरलल (वाद्याचा मूळ सिग्नल तसाच देणाऱ्या) आउटपुटमधून माझा बेस त्यात घ्यायचा आणि साउंडवाल्याकडून गायकांच्या मॉनिटरची एक वायर फक्त मागायची. ती मागणी कोणी नाकारत नाही. पॅरलल आउटपुटमध्ये प्रीअँपचा रंग येत नाही, त्यामुळे कानात जरा कोरडा आवाज असतो, पण सूर चोख कळतो. एक कान मी उघडा ठेवत असे; मग लक्षात आले की त्यामुळे बंद कानातला आवाज आपण नकळत वाढवत नेतो. आता दोन्ही कान बंद ठेवतो आणि श्रोत्यांच्या दिशेने लावलेल्या एखाद्या माइकचा हलका आवाज मिसळून घेतो.

मल्टिइफेक्ट मी विकून टाकला. पाच तारांचा बेस घ्यावा का, हा विचार मध्ये झाला होता. त्याची 'बी'ची तार ३१ हर्ट्‌झपर्यंत जाते आणि काळी दोनचा षड्ज सहज मिळतो. मित्राचा मागून तो दोन कार्यक्रमांत वाजवला. सब (खालच्या सुरांचा खास स्पीकर) असलेल्या मंडपात तो सुखाचा वाटला. दुसरा कार्यक्रम एका सोसायटीत होता, तिथे खांबासारखे दोन बारीक स्पीकर होते, आणि त्या तारेवर वाजवलेला प्रत्येक षड्ज फक्त माझ्या कानातल्या मॉनिटरमध्ये होता. तिसऱ्या गाण्यापासून मी मुकाट्याने वरच्या सप्तकात वाजवू लागलो.