ठग कोण आणि स्थगित काय!

काल सकाळी तर्री पोहे खाऊन परत येत होतो, नागपुरात बर्डीवर ऑटोवाल्यानं साठचे शंभर सांगितले, तर सोबतची मावशी तडकली, "काऊन बे, ठग आहेस का!" तो हसला अन् ऐंशीवर आला.

माझ्या डोक्यात मात्र शब्द अडकला. ठग म्हणजे आपल्याकडे फसवणारा, ठकवणारा, बस. इंग्रजीत गेला तो थेट मारामारी करणारा गुंडा झाला, कारण साहेबानं पाहिलेले ठग वाटसरूंशी गोड बोलून दोस्ती करायचे अन् मग रुमालानं गळा आवळायचे. इंग्रज अधिकारी कर्नल स्लीमन आपल्या शेजारच्या जबलपूरकडेच त्यांच्या मागं लागला होता, 1836 मध्ये तर कायदाच आला, ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप!

पण खरी गंमत पुढं आहे राजेहो. मूळ संस्कृत शब्द 'स्थग', स्थग् म्हणजे झाकणं, लपवणं. 'स्थगित' पण त्याच धातूतून आलाय. म्हणजे डिसेंबरात इथं विधिमंडळाचं अधिवेशन भरते, रस्ते बंद, अन् संध्याकाळी बातमी, कामकाज स्थगित... मावशीला सांगितलं तर म्हणे, "मले माहीतच होतं."