डिकीतला सब आणि दारातले स्पीकर एका फेजमध्ये आणताना

डिकीतल्या सबला (सबवूफर, म्हणजे फक्त बासचे खालचे सूर वाजवणारा स्पीकर) ताकद भरपूर, तरी ड्रायव्हरच्या सीटवर बास पोकळ लागतो आणि मागून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी बहुतेक जण गेन (अ‍ॅम्पची पातळी) वाढवतात. माझ्या हॅचबॅकमध्ये, म्हणजे दारांत साडेसहा इंची स्पीकर आणि डिकीत सीलबंद बॉक्समध्ये १० इंची सब असताना, गेन न वाढवता हा दोष फक्त फेज जुळवून, म्हणजे सब आणि दारांच्या लहरींचे चढउतार एकाच वेळी कानाशी येतील असे करून, गेला.

सुरुवात पोलॅरिटीपासून, म्हणजे प्लस-मायनस बरोबर जोडलेत का इथून. मी प्रत्येक वूफरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवतो आणि १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवतो. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या वायरीला लागला तीच प्लस. ट्वीटरवर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) हे करू नये, तो नाजूक असतो. त्याच्या वायरी डोळ्यांनीच तपासाव्यात. बाजारातल्या हेड युनिटला (डॅशबोर्डमधला स्टिरिओ) पांढरी वायर डाव्या पुढच्या दाराची, करडी उजव्या पुढच्या दाराची, आणि काळ्या पट्ट्याची वायर मायनस. पण कंपनीच्या सॉकेटला जोडणाऱ्या कपलरमध्ये अदलाबदल झालेली असू शकते, म्हणून रंगावर भागवू नये. सबला दोन कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) असतील तर दोन्ही तपासाव्यात. एक उलटी जोडली गेली की दोघी एकमेकींना मारतात: आवाज जवळजवळ येतच नाही आणि कॉइल नुसती तापते.

मग क्रॉसओव्हर, म्हणजे सबने कुठपर्यंत आणि दारांनी कुठून पुढे वाजवायचे ती सीमा. मी सबचा लो-पास (खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) आणि दारांचा हाय-पास (वरचे सूर जाऊ देणारा) दोन्ही ८० हर्ट्झवर, २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (फ्रिक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी होते तेवढा टप्पा) उताराचे, लिंकविट्झ-रायली प्रकारचे ठेवतो. या उताराला दोन्ही बाजू फेजमध्ये राहतात. १२ डेसिबलच्या उताराला त्यांच्यात १८० अंशांचा फरक पडतो, तेव्हा सबची पोलॅरिटी उलटवावी लागते.

आता अंतर. आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. डोक्यापासून टेपने मोजल्यावर उजवे दार ९०, डावे १३० आणि सब १७० सेंटीमीटर आला. सगळ्यांचा आवाज एकाच वेळी पोचावा म्हणून जवळच्या स्पीकरला उशीर द्यायचा. सब सर्वांत लांब, म्हणून त्याला उशीर शून्य. उजव्या दाराला २.३ आणि डाव्याला १.२ मिलिसेकंद. टेपवर काम संपत नाही, कारण लो-पास फिल्टर आणि बॉक्स मिळून सबला आणखी उशीर करतात. तो उरलेला फरक सबच्या फेज नॉबने काढायचा.

इथे सगळ्यात उपयोगी युक्ती अशी: मोठा आवाज शोधू नका, खड्डा, म्हणजे आवाज सर्वांत कमी होतो ती जागा, शोधा. फेजमध्ये ३० अंशांची चूक राहिली तरी बेरजेत जेमतेम ०.३ डेसिबल कमी होतात, कानाला ते कळणारच नाही. उलट पोलॅरिटीत मात्र आवाज झपकन बुडतो आणि नॉब थोडी सरकली तरी लगेच वर येतो.

म्हणून हेडरेस्टजवळ मोबाइल पक्का बसवतो, काचा बंद, इंजिन बंद. मीटरच्या अ‍ॅपचा आकडा खरा असायची गरज नाही, फरक पुरे. ८० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावून आधी नुसती दारे, मग नुसता सब मोजतो आणि दोन्ही सारखे करतो. मग सबचा ०/१८० स्विच उलटा करून सगळे एकत्र वाजवतो आणि आकडा सर्वांत खाली येईपर्यंत नॉब फिरवतो. तिथे थांबून स्विच पूर्ववत. आता आकडा एकेकट्याच्या तुलनेत ६ डेसिबलच्या आसपास वाढायला हवा. नॉबला पुरेसा खड्डा सापडलाच नाही, तर स्विच दुसऱ्या बाजूला टाकून पुन्हा शोधतो.

नॉबवरचे अंश एकाच फ्रिक्वेन्सीला खरे असतात. १ मिलिसेकंदाचा उशीर ४० हर्ट्झला १४ अंश, ८० हर्ट्झला २९ अंश. म्हणून शेवटी ६३ आणि १०० हर्ट्झचे टोनही ऐकतो. ८० ला भरीव आणि १०० ला बुडालेला असेल तर दोष उशिराच्या आकड्यात आहे, तो अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने सरकवून खड्ड्याची तपासणी पुन्हा करतो. क्रॉसओव्हर बदलला, बॉक्स डिकीत वळवला किंवा मागची सीट पाडली, तरी हीच तपासणी परत करावी लागते.