एक शिफारसपत्र आणि सहा आठवडे

१४ नोव्हेंबर २०२४ ही अर्जाची शेवटची तारीख होती. ११ तारखेच्या संध्याकाळी माझा संशोधनाचा आराखडा तयार होता, गुणपत्रकांचा सीलबंद लिफाफा तिकडे पोचला होता, तीनपैकी दोन शिफारसपत्रं जमा झाली होती. तिसरं पत्रही लिहून झालेलं होतं, पेणला, मला शिकवणाऱ्या निवृत्त सरांच्या घरी. ते तिथून अमेरिकेतल्या एका संस्थेच्या वेबसाइटवर काही केल्या चढत नव्हतं. ज्यू इतिहासातल्या फेलोशिपबद्दल मला हल्ली बरेच जण विचारतात. त्यांना मी आधी या पत्राचीच गोष्ट सांगते, कारण बाकी सगळं मेहनतीने जमतं. हे जमत नाही.

आधी विषयाबद्दल. मी बेने इस्रायल या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या मराठी कीर्तनांवर काम करते. शनिवारी, ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, तेच हे लोक. माझं गाव अलिबाग तालुक्यातलं. किहीमकर, पेणकर, दिवेकर ही आडनावं ऐकत आणि नवगावची त्यांची जुनी दफनभूमी बघत मी मोठी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजातल्या मंडळींनी आपल्याकडच्या हिंदू कीर्तनाची घडण उचलली आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं लावली. साकी, दिंडी, आर्या सगळं मराठी, कथा तोराह या ज्यूंच्या धर्मग्रंथातली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

संस्था निवडताना मी एक वर्ष फुकट घालवलं. 'ज्यू' हा शब्द दिसला की अर्ज, असं चाललं होतं. प्रत्येक ठिकाणचा संग्रह वेगळा असतो, आणि तो बघायला बोलावण्यासाठीच बहुतेक फेलोशिप असतात. सिनसिनाटीच्या अमेरिकन ज्युइश अर्काइव्ह्जमध्ये मुख्यतः अमेरिकेतल्या ज्यूंची कागदपत्रं आहेत. न्यूयॉर्कच्या सेंटर फॉर ज्युइश हिस्टरीमध्ये एका छताखाली पाच संस्था आहेत, त्यांतली यिवो पूर्व युरोपातल्या ज्यूंची आणि त्यांच्या यिडिश भाषेची, लिओ बेक जर्मन ज्यूंची, अमेरिकन सेफार्डी फेडरेशन सेफार्डी, म्हणजे मुळात स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंची. फिलाडेल्फियाचं कॅट्झ सेंटर दरवर्षी एक विषय ठरवतं आणि त्या विषयात बसणाऱ्यांनाच घेतं. पूर्वेकडच्या ज्यू समाजांसाठी जेरुसलेमची बेन-झ्वी इन्स्टिट्यूट पाहावी. तेव्हा आधी त्या संग्रहाची सूची उघडा, आपल्या कामाची खोकी आणि फाइली शोधा आणि त्यांचे क्रमांक आराखड्यात लिहा. 'तुमच्या समृद्ध संग्रहाचा उपयोग होईल' असल्या वाक्याला कोणी विचारत नाही.

आराखड्याचा माझा पहिला खर्डा अर्धा जहाजबुडीत गेला होता. नवगावच्या किनाऱ्यावर या समाजाच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आपल्याला प्रिय आहे, पण परीक्षकांना ती कुठल्याही पुस्तकात मिळते. सरांनी ते पान सरळ फाडलं आणि म्हणाले, "सणांपासून सुरुवात कर." रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, हे लोक नव्याचा सण म्हणत, योम किप्पूर या उपासाच्या दिवसानंतरच्या दिवसाला शिळा सण. मध्ये खिरीचा सण. हिब्रूचे जाणकार हे वाचताना थबकतात. ज्या दिवसांची नावं त्यांना पाठ आहेत तेच दिवस इथे दुसऱ्या भाषेत जगले गेले, हे त्यांना एका परिच्छेदात कळतं. कीर्तन म्हणजे काय हे मात्र दोन वाक्यांत सांगा. पूर्वरंग, उत्तररंग समजावत बसलात तर शब्दमर्यादा तिथेच संपते.

फॉर्मवर भाषांची यादी होती: हिब्रू, यिडिश, लॅदिनो, ज्युडिओ-अरेबिक, जर्मन, रशियन. मराठी नव्हती. 'इतर' निवडून मी मराठी लिहिली आणि सोबत एक पान जोडलं. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेली हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी), तिच्यातली लुगडं नेसून मात्झा, म्हणजे बेखमीर भाकरी, करणाऱ्या बायकांची चित्रं, इस्रायलमधून निघालेलं 'मायबोली' हे मराठी नियतकालिक, एवढंच त्या पानावर होतं. ते कोणी मागितलेलं नव्हतं. तरी तुम्हीही जोडा. ज्यूंनी जिच्यात प्रार्थना समजून घेतल्या, जिच्यात ते भांडले आणि गायले, ती आपली भाषा त्या यादीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता पत्र.

तिसरी शिफारस मला सरांचीच हवी होती. विद्यापीठात एकतीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले. १९८०च्या दशकात रेवदंडा, पेण, पनवेल, अलिबागची सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, त्यांनी एसटीने आणि पायी पालथी घातली होती. हाइम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ साली लिहिलेला आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये छापलेला समाजाचा इतिहास त्यांनी माझ्याकडून ओळीओळीने वाचून घेतला. माझं काम त्यांच्याइतकं कोणीच जाणत नाही.

१ ऑक्टोबरला मी फॉर्मवर त्यांचा जीमेलचा पत्ता टाकला. लाल अक्षरं आली: शिफारस करणाऱ्याचा पत्ता शैक्षणिक संस्थेचाच हवा. सरांचा विद्यापीठाचा पत्ता निवृत्तीनंतर बंद झालेला. दोन दिवसांनी मी विद्यापीठाच्या संगणक कक्षात गेले. निवृत्त प्राध्यापकांना आयडी द्यायची तरतूद नाही, असं उत्तर मिळालं. मग अर्ज करा. अर्जावर विभागप्रमुखांची सही. सहीनंतर आवक-जावकचा नंबर. नंबर पडल्यावर सेवानिवृत्तीच्या आदेशाची प्रत मागितली. ती दिली तर म्हणाले, मूळ आदेश दाखवायला स्वतः यावं लागेल.

मला हे सरांना सांगवेना. शेवटी फोन केला, तर म्हणाले, "अगं, त्यात काय, येतो की उद्या." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पहाटेची गाडी पकडून आला. ज्या इमारतीत एकतीस वर्षं शिकवलं तिथल्या बाकावर पावणेदोन तास बसला. भाऊसाहेब जेवून आले, आदेश बघितला, म्हणाले, "ठीक आहे सर, फाइल वर पाठवतो." सर जिना उतरताना एक शब्द बोलले नाहीत. मीच बोलत होते, आणि बरंच मोठ्याने. त्या दुपारचा राग माझ्या मनातून अजून उतरलेला नाही.

मधल्या काळात मी त्या अमेरिकन संस्थेलाही मेल करत होते, आणि इथे माझी समज कमी पडली. पहिला मेल ४ ऑक्टोबरला गेला. रोश हशाना चालू होता, आपोआप उत्तर आलं की कार्यालय बंद आहे. दुसरा मेल शुक्रवारी, ११ तारखेला, आपल्या रात्री. तिकडे त्या संध्याकाळी योम किप्पूर सुरू झाला. त्या वर्षी दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी, १२ ऑक्टोबरला आले होते. तिसरा १७ तारखेला, तेव्हा सुक्कोत हा मांडवांचा सण. उत्तर आपोआपच: २८ ऑक्टोबरपासून संपर्क साधावा. शनवार तेल्यांवर संशोधन करणाऱ्या माणसाने सणांचं पंचांग समोर ठेवून मेल करायला हवे होते. ज्यू पंचांगातला तिश्री महिना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो आणि त्यातले जवळजवळ तीन आठवडे ज्यू संस्थांमधलं काम तुटक चालतं. शुक्रवारी दुपारनंतर पाठवलेल्या मेलला सोमवारपर्यंत उत्तराची वाट बघू नये. इस्रायलमध्ये तर कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. प्रश्न ऑगस्टमध्येच विचारून घ्या.

२८ तारखेला खरंच उत्तर आलं, आणि ते इतकं साधं होतं की मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या सरांचा जीमेलचा पत्ता आम्ही आमच्या बाजूने घालतो. त्यांनी तिथे शिकवलं आहे, एवढं विभागप्रमुखांनी विद्यापीठाच्या पत्त्यावरून एका ओळीत कळवावं.

एक ओळ. पण तोवर विद्यापीठाला दिवाळीची सुट्टी लागली. विभागप्रमुख गावी गेल्या. फोन लागला तेव्हा म्हणाल्या, असं परस्पर कळवता येत नाही, कार्यालयाने टिपणी ठेवली पाहिजे. सुट्टी संपली तर विधानसभेची निवडणूक, मतदान २० नोव्हेंबरला. ज्या टेबलावरून टिपणी निघायची तिथले भाऊसाहेब निवडणुकीच्या ट्रेनिंगला. ११ तारखेला बंद टेबल. १२ तारखेला तेच. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते."

मैत्रिणी सांगत होत्या, दुसऱ्या कोणाचं तरी पत्र घे. व्यवहाराने पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं, आणि तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्ही तसंच करा. पत्र देऊ शकणारा चौथा माणूस पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवा, त्याला तशी कल्पनाही देऊन ठेवा. मी केलं नाही. त्या बाकावर बसलेले सर डोळ्यांसमोर होते आणि त्यांच्या पत्राशिवाय अर्ज पाठवायची माझी तयारी नव्हती.

१३ तारखेला संध्याकाळी मी विभागप्रमुखांच्या घरी गेले. हातात तिकडच्या मेलची छापील प्रत, सरांच्या निवृत्तीच्या आदेशाची प्रत आणि पाठवायची ती ओळ कागदावर लिहिलेली. त्यांनी सगळं वाचलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सरांनी मलाही शिकवलंय," आणि तिथेच मोबाइल काढून विद्यापीठाच्या पत्त्यावरून ती ओळ पाठवली. टिपणी नाही, नंबर नाही. रात्री साडेदहाला तिकडून उत्तर आलं. अकरा वाजता सरांनी पत्र चढवलं आणि मला फोन केला. मी रडत होते, त्यामुळे त्यांनीच थोडा वेळ इकडचंतिकडचं बोलून फोन ठेवला.

लिहून पाठवायची ती ओळ आपणच तयार करून नेणं, हे या सगळ्यातून मी शिकलेलं सर्वांत उपयोगी काम. अधिकारी माणसाला मसुदा करायचा कंटाळा असतो, सही करायचा तितका नसतो.

वेळेचंही सांगायचं राहिलं. 'रात्री ११:५९, ईस्टर्न टाइम' म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९, आणि उन्हाळी वेळ चालू असताना ९:२९. माझ्यासाठी ती सकाळ १५ नोव्हेंबरची होती, गुरुनानक जयंतीची सुट्टी. तेव्हा विद्यापीठात कोणीही भेटलं नसतं. मी १४ तारखेला दुपारी अर्ज पाठवून मोकळी झाले. गुणपत्रकांचा सीलबंद लिफाफा मागतात का तेही आधीच बघा, तो मिळवायला आणि कुरिअरने पोचायला महिना धरावा.

फेब्रुवारीत व्हिडिओवर मुलाखत झाली. शिफारसपत्र गोपनीय असतं, सरांनी काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं. पॅनेलमधल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या सरांनी त्या काळी केलेलं कीर्तनाचं ध्वनिमुद्रण अजून आहे का?" मला काहीच सुचेना. मी खरं तेच सांगितलं, की हे मी आत्ताच ऐकतेय.

मुलाखत संपल्यावर सरांना फोन लावला. म्हणाले, "आहेत ना दोन कॅसेटी, कपाटात. तू कधी विचारलं नाहीस." मार्चमध्ये निवड झाल्याचं कळलं. त्याआधीच्या रविवारी मी पेणला जाऊन कॅसेटी घेऊन आले होते. एकीला बुरशी लागली आहे, ती माहितगाराकडून साफ करून घेतल्याशिवाय लावायची नाही. दुसरी वाजते. सुरुवातीला बराच वेळ भांड्यांचा आवाज, कोणीतरी खोकतंय, मग एक म्हातारी बाई योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात तिथली साकी म्हणते.