पाकनाम ते सत्ताहीप: थाई नौदलाच्या तोफा, पाणबुड्या आणि एक रिकामी धावपट्टी

बँकॉकहून दक्षिणेकडे निघालेले पर्यटक बहुधा थेट पट्टया गाठतात. मी चाओ फ्राया नदीच्या मुखाशी असलेल्या पाकनामला उतरलो, कारण थाई नौदलाचा इतिहास पाहायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते. पाकनामच्या धक्क्यावरून होडीने पैलतीरी गेले, की पुढे चुलाचोम्क्लाओ किल्ला लागतो. त्याला किल्ला म्हणतात खरे, पण सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला तिथे बुरूज आणि तट शोधूनही सापडत नाहीत. जमिनीत बांधून काढलेले गोल खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात एक, अशा सहा इंची आर्मस्ट्राँग बनावटीच्या सात तोफा एवढेच तिथे आहे. पायऱ्या उतरून खाली गेल्यावर तोफेची रचना नीट कळते. ती आत दडलेल्या अवस्थेत भरायची, दाबाखालच्या द्रवाच्या जोरावर नळी वर उचलायची, गोळा डागायचा आणि त्याच धक्क्याने तोफ पुन्हा आपोआप खाली बसायची. त्यामुळे नदीतल्या जहाजाला नेम धरायला फारसे काही उरत नसे.

13 जुलै 1893 रोजी संध्याकाळी ‘इंकाँस्तां’ आणि ‘कोमेत’ ही दोन फ्रेंच लढाऊ जहाजे या तोफांचा मारा चुकवत नदीत शिरली आणि थेट बँकॉकला जाऊन नांगर टाकून बसली. त्यानंतर सयामला, म्हणजे तेव्हाच्या थायलंडला, मेकाँग नदीच्या डाव्या तीरावरचा मुलूख, म्हणजे आजच्या लाओसचा मोठा भाग, फ्रान्सला द्यावा लागला. तोफा ब्रिटिश बनावटीच्या आणि नौदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत डॅनिश माणसे, अशी त्या काळातली स्थिती होती. हा परावलंबीपणा पुढे सगळ्या प्रवासात माझ्या नजरेसमोर राहिला. किल्ल्याच्या आवारातच 1937 साली जपानमध्ये बांधलेली ‘मेक्लाँग’ ही युद्धनौका कायमची उभी करून ठेवली आहे. तिच्या डेकवर शाळकरी मुलांची झुंबड होती, म्हणून मी फार रेंगाळलो नाही.

पुन्हा नदी ओलांडून पूर्वेकडच्या नौदल संग्रहालयात गेलो. तिथे ‘मत्चानू’ या पाणबुडीचा वरचा मनोरा जपून ठेवला आहे. थाई रामायणात मत्चानू हा हनुमानाचा आणि मत्स्यकन्येचा पुत्र, म्हणजे आपल्या कथेतल्या मकरध्वजाचा जवळचा नातलग. पाण्याखालून चालणाऱ्या नौकेला याहून चपखल नाव मिळाले नसते. कोबेच्या मित्सुबिशी गोदीत बांधलेल्या अशा चार पाणबुड्या 1938 मध्ये थायलंडला पोचल्या, तेव्हा आग्नेय आशियातल्या दुसऱ्या कोणत्याही स्वतंत्र देशाकडे पाणबुडी नव्हती. स्वतंत्र देशच दुसरा नव्हता, हेही खरे. महायुद्धात जपान हरला आणि बॅटऱ्या व सुटे भाग मिळणे बंद झाले. त्यातच जून 1951 मध्ये नौदलातील काही अधिकाऱ्यांनी ‘मॅनहॅटन’ नावाच्या गाळ उपसणाऱ्या नौकेच्या हस्तांतरण समारंभात पंतप्रधान फिबुन यांना पकडून ‘श्री अयुध्या’ या जहाजावर नेले. हवाई दलाने त्या जहाजावर बाँब टाकले, पंतप्रधान पोहत किनाऱ्याला लागले, बंड मोडले आणि नौदलाचे पंख छाटण्यात आले. त्याच वर्षी चारही पाणबुड्या सेवेतून गेल्या.

पाकनामहून पुढे मी नौदलाचा मोठा तळ असलेल्या सत्ताहीपला गेलो. तिथल्या चुक समेत धक्क्यावर ‘चक्री नारुएबेत’ उभी असते. स्पेनच्या फेरोल गोदीत बांधलेली, 182 मीटर लांबीची आणि साडेअकरा हजार टनांच्या आसपासची ही विमानवाहू नौका 1997 साली दाखल झाली. ‘विराट’ पाहिलेल्या मुंबईकराला ती आखूड वाटते, पण पुढच्या टोकाचा वर वळलेला उतार तोच, बारा अंशांचा. त्या चढाच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर समोर समुद्र दिसत नाही, फक्त आकाश दिसते. डेकवर पायाखाली खरखरीत लेप आहे आणि त्यात ठरावीक अंतरावर वाटीएवढे खोलगे खळगे आहेत. प्रत्येकात लोखंडी आडवी दांडी बसवलेली असते, विमानाच्या साखळ्या अडकवण्यासाठी. मी पाहिलेल्या बहुतेक खळग्यांत धूळ साचली होती.

स्पेनकडून घेतलेली नऊ जुनी मॅटाडोर, म्हणजे पहिल्या पिढीची हॅरियर, विमाने इथे आली खरी. परंतु 1997 च्या आर्थिक संकटाने तिजोरी आटली, सुटे भाग मिळेनात आणि 2006 मध्ये ती विमाने निवृत्त झाली. गोव्यात दाभोळीच्या तळावरून आपली सी हॅरियर त्यानंतरही दहा वर्षे उडत होती. इथे मात्र 2006 पासून डेकवर फक्त हेलिकॉप्टरे उतरतात आणि ‘विमानांविना विमानवाहू’ अशी तिची चेष्टा होते. मला ती चेष्टा निम्मीच पटते. 1989 च्या ‘गे’ चक्रीवादळात थाई आखातात शेकडो माणसे मेली तेव्हा खवळलेल्या समुद्रात टिकेल असे मोठे मदतजहाज नौदलाकडे नव्हते, आणि ही नौका घेण्यामागे ते एक मोठे कारण होते. 2004 च्या त्सुनामीत ती मदतकार्याला धावलीही. मात्र मदतकार्यासाठी लढाऊ विमानांचा खर्चिक हट्ट कशाला, या प्रश्नाला उत्तर सापडत नाही.

बाकीचा ताफाही असाच नाना देशांतून जमवलेला आहे. ‘नरेसुआन’ या युद्धनौकेचा सांगाडा शांघायमधला, गॅस टर्बाइन अमेरिकी, 2019 मध्ये दाखल झालेली ‘भूमिबोल अदुल्यदेज’ दक्षिण कोरियाची आणि तिची युद्धप्रणाली स्वीडनची. अमेरिकेत बांधलेली ‘सुखोथाई’ डिसेंबर 2022 मध्ये वादळात बुडाली. तिच्यावर 105 जण होते. 24 मृत्युमुखी पडले आणि पाच बेपत्ताच राहिले.

2017 साली चीनकडे मागवलेल्या पाणबुडीची कथा तर जुन्या पाणबुड्यांच्याच वळणावर गेली. करारात जर्मन इंजिन होते, पण चीनवरील युरोपीय शस्त्रबंदीमुळे जर्मनीने ते द्यायला नकार दिला आणि काम वर्षानुवर्षे अडले. अखेर 2025 मध्ये थाई मंत्रिमंडळाने चिनी इंजिन मान्य केले.

चुक समेतला जाणार असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा, आणि नौका मोहिमेवर गेलेली नाही ना, याची आदल्या दिवशीच चौकशी करा. डेकवर सावली अजिबात नाही, त्यामुळे सकाळची वेळच बरी.